तेरवीत देलेला पंखा

माही बायको गेली, तिच्या मागं एक पंखा राह्यला. ताटाएवढा, चार्जिंगचा. पोहरादेवीच्या यात्रेतून तिनंच आणला होता. भाकरी थापाले बसली का तो मागं पिठाच्या डब्यावर ठेवे अन् वारा पाठीवर घेये. चुलीकडं त्याचं तोंड कधी करे नाई, जाळ इझते म्हणून. मले जेवाले हाक मारे तीही पंख्यात तोंड घालून. "अऽऽहोऽऽ, जेऽऽवाऽऽ." आवाज थरथरत ये. डोक्याचे केस पांढरे झाले, अन् हे खेळ. मी म्हणो, "लाज वाटते का काई?" ती पंख्यातूनच म्हणे, "नाऽऽई."

आमच्याकडं नवऱ्याच्या आंधी बाई गेली का तेरवीले एका सवाशिणीले जेवू घालतात. नवं लुगडं, बांगड्या देतात, अन् गेलेलीच्या रोजच्या वापरातली एखादी चीज देतात. आमच्याच गल्लीतली एक सून सांगितली होती, तिचं लेकरू लहान. माह्या लेकीनं तिच्यासाठी आईचा तांब्या काढून ठेवला. मीच म्हटलं, "तो पंखाही देऊन टाक." पाहुणे बसले होते. त्यातला एक म्हणे, "मन मोठं हाय भाऊचं." ते आयकून मले बरं वाटलं. बायकोच्या तेरवीत मले बरं वाटलं.

पाहुणे गेले. लेक सासरी गेली. घर गप्प झालं. मंग मले तो पंखा पाह्यजे झाला. गरमीचं म्हणसान त घरात वरचा पंखा हाय. मले तोच पाह्यजे होता. पण देलेलं मांगाचं कसं? तिच्या दारापर्यंत जाऊन वापस आलो. मंग एका दुपारी गेलोच.

लाईट गेली होती. लेकरू झोळीत झोपलेलं अन् पंखा उलट्या बकेटीवर, झोळीकडं तोंड करून. सासू सुपात तूर निवडून राह्यली होती.

"या भाऊ. काहून आले एवढ्या उन्हाचे?"

"असंच. पंखा चालते का पाहाले."

"दिसत नाई का? चालून राह्यला."

"हो, चालते."

"मंग?"

मी पंख्याकडंच पाहून राह्यलो. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"नेता का?"

मले नाई म्हणाचं होतं. तोंडातून हो निंगालं.

"तेरवीचं देलेलं वापस नेते का भाऊ कोणी?"

"राहू द्या ना, आत्याबाई," सून म्हणे. तिनं पंखा बंद केला, पदरानं पुसला, वायर गुंडाळून माह्या हातात देला. "घ्या बाबा. सकाळीच फुल चार्ज केला."

दुपट्ट्याखाली झाकून आणला, चोरून आणल्यासारखा. पिठाच्या डब्यावर ठेवला, चालू केला, तोंड जवळ नेलं अन् म्हटलं, "अऽऽगंऽऽ." माहाच आवाज आला, म्हाताऱ्याचा. तवाच गल्लीतून लेकराचं रडणं आलं. थांबेचना. ती पोरगी सुपानं वारा घालून राह्यली असन, मले घरबसल्या दिसत होतं.

लाईट येयाच्या आंधीच पंखा घेऊन गेलो अन् बकेटीवर ठेवून देला.

"आता काय झालं?" म्हातारी म्हणे. "वारा गोड नाई लागला का?"

"चुकलं माहं."

"पुन्हा न्याले येसान त लेकरू उठल्यावर या," असं म्हणून ती हासली. सूनही हासली. मलेही हासाव लागत होतं, जमलं नाई.

मले वाटलं, मिटलं. पण आता मी गल्लीतून निंगालो का ती पोरगी मले पाहते, लगबगीनं उठते अन् पंखा आतल्या खोलीत नेऊन ठेवते. रागानं नाई, भेवून. लेकरू झोळीत चुळबुळ कराले लागते. "नाई नेत व माय आता," एवढं म्हणाचं हाय, पण जीभ उचलत नाई. म्हणून मी मागून, उकिरड्याच्या वाटेनं जातो. लांब पडते. पण पंखा लेकराजवळ राह्यते.