धुराच्या खोलीतला उत्तम

उत्तम साळवे गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं. ‘पप्पा गेले, साहेब,’ एवढंच. वाळूजच्या गाड्यांच्या कारखान्यात मी त्याचा सुपरवायझर होतो आणि रोज दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली तेव्हा त्यानं सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे आमच्या विभागात, पेढे वाटले. काहींनी घेतले नाहीत. दोन दिवसांनी वरच्या साहेबांनी एक बदलीचा कागद माझ्यापुढं सरकवला, ‘याला धुराच्या खोलीत टाका.’ मी सही केली… कारण विचारलंसुद्धा नाही.

तिथं इंजिनांचा धूर मोजायचे. सायलेन्सरमध्ये बसवायची जाळीची वीट नुकतीच आली होती. उत्तमनं तिचं काम मला चार वाक्यांत समजावलं होतं. ‘साहेब, हिच्या बारीक भोकांना भारी धातूचा लेप आहे. विषारी वायू त्याच्यावरून गेला की त्याचा जोर मरतो. पण वीट तापली तरच. थंड असली तर सगळं जसंच्या तसं बाहेर.’ आणि तपासणीला येणारं प्रत्येक इंजिन थंडच असायचं. धूर बाहेर नेणारा पाइप फाटलेला होता. त्यानं तीनदा अर्ज दिला, तिन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये राहिले. धूर मोजणाऱ्या यंत्राचं फिल्टर मात्र दर आठवड्याला बदलायचे, यंत्र नाजूक होतं म्हणून. अकरा वर्षं तो त्या खोलीत होता.

शेवटचा भेटलो तेव्हा त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी म्हणालो, ‘उत्तम, तुझ्या बदलीवर सही माझी होती.’

‘माहीत व्हतं. बदलीच्या कागदाचं पाकीट उघडंच व्हतं, मीच नेलं ना हापिसात.’

‘मग कधी बोलला का नाहीस?’

त्यानं सरकलेली नळी नीट बसवली. ‘त्या शॉपात माझ्यासंगं डबा खाणारे तुम्ही एकलेच व्हते. बोललो असतो तर ते बी गेलं असतं.’

गेल्या रविवारी पुंडलिकनगरला त्याच्या घरी गेलो. गाडी खिडकीखाली उभी केली आणि इंजिन चालूच ठेवून माझ्या मुलाला फोन करत बसलो. वैशाली धावत बाहेर आली.

‘साहेब, आधी गाडी बंद करा! पप्पांना धूर सहन होत नाय.’

म्हणाली आणि तिथंच थबकली. खिडकीच्या आत रिकामा पलंग दिसत होता. मी किल्ली फिरवली. त्याच्यासाठी एवढं एकच काम मी सांगताक्षणी केलं.