यंत्राची ओटी

सूर्यभानच्या टाळूवरचे केस मधोमध झिजले होते. बाराव्या वर्षापासून मातीची पाटी डोक्यावर, त्याचा तो घट्टा. मुळा धरणाच्या भरावावर त्याने माती वाहिली, धरण झालं तेव्हा कालव्यावर वाहिली. रंगुबाईही त्याच रांगेतली. दोघांचं लग्न ठरलं तेही मुकादमाच्या खोपीपुढे, दुपारच्या सुट्टीत.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात ठेकेदार छगनरावांनी खोदायचं नवं यंत्र आणलं. आधीची यंत्रं तारेच्या दोरावर चालत. ह्याचा हात तेलाच्या जोरावर हलायचा. पंप तेल दाबायचा, तेल जाड नळ्यांतून धावायचं, आणि वीस पाट्यांची माती एका घासात उचलली जायची. यंत्राबरोबर पुण्याहून आलेल्या मेकॅनिकने तेल बघायला एक माणूस मागितला. छगनरावांनी न बघताच रांगेकडे बोट केलं, ते सूर्यभानवर पडलं.

मेकॅनिकने त्याला सांगितलं ते थोडक्यात इतकंच, की तेलात कचरा गेला तर यंत्र मेलं. सूर्यभानला ते चटकन समजलं. त्याची आई लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नसे, तोंडाला दादरा घट्ट बांधत असे. तसा तो तेलाच्या टाकीला जपू लागला. तेल ओतायचं ते गाळून, टाकीच्या तोंडातली जाळी रोज डिझेलने धुवायची, पुसायला धुतलेलं धोतर, कारण नव्या कापडाचे धागे सुटतात. नळीचा सांधा पाझरला की आवाजावरून ओळखायचा.

"बायकूला एवढं कधी पुसलं हुतंस का रं?" रांगेतले विचारायचे.

"ती गळत न्हाई," तो म्हणायचा.

छगनराव एकदा खुशीत बोलून गेले, "दिवाळीपातुर यंत्र एक दिस बंद पडलं न्हाई, तर तुला पुण्याला धाडतो. चालवायला शिकून ये." सूर्यभानने हे रंगुबाईला सांगितलं आणि त्या दिवसापासून दोघं दिवाळीचे दिवस मोजू लागली. तो ऑपरेटर झाला तर तिचीही पाटी सुटणार होती.

दसऱ्याला यंत्राची पूजा ठरली. छगनरावांच्या मातोश्री आक्काबाई राहुरीहून ताट घेऊन आल्या. बाई सोवळं पाळणाऱ्या, सोमवार-शनिवार धरणाऱ्या. त्यांचा भाव खोटा होता असं कुणी म्हणू नये. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग त्या म्हणाल्या, "नवी सून घरात आली, तर तिची ओटी भरायला नको? हिचं प्वाट कुठं हाय?"

छगनरावांनी टाकी दाखवली. सूर्यभानने नुकतंच तेल भरलं होतं. जाळी धुऊन कापडावर वाळत ठेवली होती, टाकीचं झाकण तेवढं लावलेलं होतं.

"उघड झाकण," छगनराव म्हणाले.

"मालक, जाळी बसवू द्या—"

"आई उभी हाय उन्हात. उघड."

त्याने उघडलं. जाळीकडे हात नेईपर्यंत आक्काबाईंची मूठ टाकीत गेली होती. तांदूळ, हळकुंड, सुपारी. वर त्यांनी दोन्ही हात जोडले.

सूर्यभानचं तोंड उतरलं. "मालक, टाकी उपसावी लागंल. दुपारपातुर करतो."

"दसऱ्याच्या दिशी भरलेली ओटी उपसतोस?" छगनरावांनी आवाज चढवला नाही. "साहेब लोक येनार हायेत बघायला. चालू कर."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या वेळी छगनरावांनी त्याच्या पायाजवळ पान थुंकलं. चौथ्या दिवशी पंप चिरका रडायला लागला. सूर्यभान हात हलवत धावला, पण ऑपरेटरने यंत्र थांबवीपर्यंत उशीर झाला होता. यंत्राचा हात अर्ध्यावर खाली बसला आणि उठेना.

मेकॅनिक आला. त्याने पंपाच्या तोंडाशी असलेली आतली जाळी काढून तळहातावर झटकली. फुटलेले तांदूळ होते. त्यांनी तेलाची वाट अडवली होती आणि पंप कोरडा फिरून जळला होता. तांदूळ कुठून आले ते भोवती उभ्या असलेल्या पन्नास माणसांना ठाऊक होतं. पन्नास माणसांची चूल छगनरावांच्या हातात होती.

"टाकीवर बसून जेवतो ह्यो," छगनराव मेकॅनिकला म्हणाले. "भात सांडला असंल."

"मालक, आमच्यात भात सणालाच शिजतो," सूर्यभान म्हणाला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

तो आक्काबाईंकडे गेला. दसऱ्यापासून त्या कामावरच मुक्कामाला होत्या, कचेरीच्या तंबूत जप करीत बसल्या होत्या.

"आक्का, तांदूळ तुमच्या हातचं हुतं. मालकाला येक शब्द सांगा."

"माझ्याच हातचं. मी न्हाई कुठं म्हनते?" माळ थांबली नाही. "पर देवाच्या अक्षतानं कुनाचं वाटुळं झालेलं ऐकलंस का? इतक्या ओट्या भरल्या मी, येकीचंबी वाईट न्हाई झालं. त्या दिशी तू तोंड वाकडं केलंस. तवाच मला कळलं, ह्याचं मन साफ न्हाई."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

नवा पंप आला. टाकी साफ करायला मात्र दुसरं कुणी नव्हतं. "तेवढं करून दे, मग बघू," असा निरोप आला. त्या 'बघू'वर सूर्यभान दोन दिवस राबला. तेल उपसलं, तळाची सुपारी नि हळकुंड बाहेर काढलं, टाकीत खांद्यापर्यंत हात घालून कोपरा न् कोपरा पुसला, नळ्या सोडवून धुतल्या, नवं तेल तीनदा गाळून भरलं. यंत्र सुरू झालं ते पहिल्या दिवसासारखं.

छगनरावांनी तेव्हाच आपल्या मेव्हण्याला, गोरक्षला, पुढे बोलावलं. "आजपासनं तेल ह्यो बघंल. दिवाळीनंतर पुण्यालाबी ह्योच जाईल. सूर्यभान, तू रांगेत जा. रंगुबाईच्या मागं जागा हाय."

सूर्यभान निघाला. चार पावलं गेला आणि वळून बघितलं. गोरक्षने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली होती आणि ती मातीने भरलेल्या पायजम्याला पुसत होता.

सूर्यभान परत आला. पट्टी त्याच्या हातातून घेतली, खिशातल्या धोतराच्या तुकड्याने दोन्ही बाजूंनी पुसली, म्हणाला, "असं. धागा ऱ्हाऊ द्यायचा न्हाई."

"आजून हात लावतुस?" छगनराव मागून म्हणाले आणि मुकादमाला खूण केली. मुकादमाने त्याला मानेला धरून यंत्रापासून लांब नेलं. पट्टी त्याच्या मुठीतच राहिली होती. ती मुकादमाने बोटं उलगडून काढून घेतली.