बबीच्या नावाचं शैवाल

संस्थेत तिला सगळे खडूबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. नवा माणूस रुजू झाला, की ती टेबलावरचा पांढराफटक खडकाचा तुकडा त्याच्या हातात ठेवायची आणि विचारायची, "काय आहे?"

"खडू."

"स्मशान आहे. नीट धर, कोट्यवधी जीव आहेत त्यात."

ते जीव म्हणजे तिचं आयुष्य होतं. समुद्रात उजेड पोचतो तेवढ्या थरात एकाच पेशीची शैवालं तरंगत असतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण प्रत्येक जण अंगाभोवती चुन्याच्या नक्षीदार चकत्या रचून बसलेला असतो. मेली की त्या चकत्या तळाशी साचत जातात आणि लाखो वर्षांनी त्यांचा खडू होतो. खडूबाई त्या चकत्यांवरून प्रजाती ओळखायची. कड जाड की पातळ, मधला पूल आडवा की तिरका, भोक आहे की नुसता खळगा, यावर तिची माणसांशी भांडणं व्हायची. लग्न तिने केलं नाही. "चकत्यांशी लागलंय," असं तिची धाकटी बहीण बबी म्हणायची.

बबीचं कपडे ढिले-घट्ट करून देण्याचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं. दुकानामागे दोन खोल्या होत्या आणि आई तिथेच राहायची. आईची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून तिचं उठवणं, पुसणं, भरवणं सगळं बबीने केलं. पँटची शिलाई उसवता उसवता मध्येच उठून आत जायची, हात धुऊन परत मशीनवर बसायची. खडूबाई रविवारी यायची. फळं आणायची, आईचा हात हातात घ्यायची, घड्याळ बघायची आणि निघायची. पाहुण्यासारखी.

एका सकाळी बबीचा फोन आला.

"ताई, आज आईचं लक्षण काही ठीक नाही. येतेस का?"

खडूबाई तेव्हा दुसऱ्या संस्थेत होती. मोठा सूक्ष्मदर्शक तिथेच होता आणि तो महिनोन्‌महिने मिळायचा नाही. समुद्राचं पाणी गाळलेल्या जाळीचे तुकडे तयार होते, चित्र स्पष्ट यावं म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामाही देऊन झाला होता.

"अगं, मशीन आजच मिळालंय. उद्या उठल्याबरोबर येते. डॉक्टरांना बोलावलंस ना?"

"बोलावलंय," बबी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारी खडूबाईला ती पेशी दिसली. बारीक कणाकणांनी विणलेली, जाळीदार टोप्यांसारख्या चकत्यांची, आजवर कोणीच न नोंदवलेली. आनंदाने तिच्या अंगावर काटा आला. ती पडद्याला नाक लावून बसली, जेवायची विसरली, फोन पर्समध्ये पडून राहिला. संध्याकाळी बाहेर येऊन तिने तो काढला, तेव्हा आई जाऊन बराच वेळ झाला होता.

सगळं उरकल्यावर खडूबाई पुन्हा कामाला लागली, आणि नव्या प्रजातीचं वर्णन छापायची वेळ आली तेव्हा तिने तिला बबीचं नाव दिलं. कागदोपत्री नाव नव्हे, घरातलं. अर्पण करताना लिहिलं, 'जिने आईला सांभाळलं, त्या बहिणीस.' ही पेशी नेमकी कुठल्या दुपारी दिसली, हे मात्र तिने बहिणीला सांगितलं नाही.

बबी पोट धरून हसली. "माझ्या नावाला हे लॅटिन शेपूट लावलंस होय?"

"शेपूट लावल्याशिवाय घेत नाहीत."

"आणि किती दिवस राहणार हे?"

"दिवस कसले! जग आहे तोवर राहणार. आता कोणाच्या बापाला पुसता येणार नाही."

बबीने त्या पेशीचा फोटो मोठा करून घेतला, चौकट बसवली आणि शिलाई मशीनच्या मागच्या भिंतीवर लावला. गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणायची, "मी आहे ती. समुद्रात असते." गिऱ्हाईक हसायचं. खडूबाई तिथे असली, की रस्त्याकडे तोंड करून बसायची.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस, त्याच मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली, तिला नको ते दिसलं.

या शैवालांची एक खोड आहे. आयुष्याच्या दोन अवस्थांमध्ये ती दोन वेगळ्या तऱ्हेची कवचं घालतात. एका अवस्थेत मोठ्या, कड असलेल्या चकत्या, तर दुसरीत बारीक कणांच्या. जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून एकाच जिवाला दोन-दोन नावं पडली. कपडे बदलताना अचानक कोणी दार उघडावं, तशी एखादी पेशी अर्धं हे, अर्धं ते कवच घेऊन सापडली, तरच खरं काय ते कळतं. आणि एकदा कळलं की आधी दिलेलं नाव राहतं, नंतरचं जातं.

पडद्यावरच्या पेशीच्या एका अंगाला मोठ्या चकत्या होत्या. फार पूर्वी नाव मिळालेल्या, पाठ्यपुस्तकात असलेल्या प्रजातीच्या. दुसऱ्या अंगाला बबीच्या जाळीदार टोप्या होत्या.

"मॅडम, काय झालं?" मशीन चालवणाऱ्याने विचारलं. "सेव्ह करू?"

"कर."

"नाव काय देऊ फाइलला?"

"राहू दे. नुसती ठेव."

तिने ती फाइल कोणालाही दाखवली नाही. एकाच पेशीवरून काय ठरतं, योगायोगाने चिकटली असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण चकत्या चिकटलेल्या नव्हत्या, एकीखाली एक नीट रचलेल्या होत्या. ते तिच्याइतकं कोणाला कळणार? आईकडे गेली नाही ते नाहीच, वर बहिणीला दिलेलं एवढंसं नावही आता स्वतःच्या हाताने काढून घ्यायचं, या विचाराने तिचा हात चालेना.

त्याच सुमारास परदेशातल्या एका सहकाऱ्याने विचारलं. त्याला शंका होती, की या दोन प्रजाती एकच असाव्यात. त्याची विद्यार्थिनी समुद्रातून नमुने आणून पुरावा शोधत होती. तुमच्या पाहण्यात असं काही आलंय का?

खडूबाईने उत्तर पाठवलं, 'नाही.' एकच शब्द. उभ्या आयुष्यात तिने आळस केला होता, वाद घातले होते, पण चकत्यांच्या बाबतीत खोटं कधी बोलली नव्हती.

पावसाळा संपता संपता त्याचा निरोप आला. विद्यार्थिनीची सगळी मेहनत वाया गेली, बिचारी खचली आहे. 'तुम्हाला दिसलं नाही म्हणजे नसणारच, म्हणून हा विषय आम्ही सोडतोय. तुमच्या नजरेवर आमचा भरवसा आहे.'

हे वाचून ती शरमेने अर्धी झाली. पर्स उचलली आणि कोणाला न सांगता थेट बबीच्या दुकानात गेली.

बबी एका कोटाचं अस्तर उसवत होती. "आज रविवार आहे का?" तिने मान वर न करता विचारलं.

खडूबाई स्टुलावर बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. अर्धी-अर्धी पेशी, लपवलेली फाइल, खोटं उत्तर. शेवटी म्हणाली, "आणि ते शैवाल मला त्याच दिवशी सापडलं होतं, बबी. आई गेली त्या दुपारी."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मीच नाही का फोन केला? मशीनवर आहे म्हणालीस. महिना झाला नाही तोच नवी प्रजाती सापडली म्हणून सांगत आलीस. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बबीने दातांनी दोरा तोडला. "फोटो कशाला लावला मी? तू रविवारी येऊन बसशील, तेव्हा समोर दिसत राहावा म्हणून. इतका राग होता मला."

खडूबाईला वर बघवेना.

"मग रोज बघून बघून राग बोथट झाला," बबी म्हणाली. "लोक विचारायला लागले, मीही सांगायला लागले. आवडायलाच लागला मेला. आता नाव पुसणार म्हणजे काय करणार?"

"जुन्या नावाखाली जाईल. कोणी त्याचा सगळा इतिहास लिहिला, तर खाली बारीक अक्षरात येईल."

"म्हणजे लग्न लागलं म्हण. मला काय, एकदा नाव बदललंय, सवय आहे." बबी हसली, पण पटकन थांबली. "त्या पोरीला आधी कळव. तिची मेहनत गेली."

"कळवते." मग खडूबाईने इतक्या वर्षांत कधीच न विचारलेलं विचारलं. "बबी, त्या दिवशी आई काही म्हणाली का? माझं नाव..."

बबीने सुई अस्तरात टोचून ठेवली.

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"नाही घेतलं. माझंही नाही घेतलं. पाणी मागितलं. मग डोळ्यावर ऊन येतंय म्हणाली, म्हणून मी पडदा ओढला. परत आले तर संपलं होतं. मीसुद्धा पडद्यापाशीच होते, ताई."

गिऱ्हाईक आलं, म्हणून बबी उठली.

खडूबाईने दुसऱ्या दिवशी लपवलेल्या फाइलमधला फोटो परदेशी पाठवला आणि खोटं बोलल्याचं लिहून कबूल केलं. सहकाऱ्याने दोन ओळींत पोच दिली. त्यानंतर तो तिला कधी काही विचारेनासा झाला. लेख विद्यार्थिनीच्या नावाने छापून आला, त्यात तिने खडूबाईचे मनापासून आभार मानले होते, आणि ते वाचताना खडूबाईला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. संस्थेतल्या मंडळींनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, तेव्हा ती उठून बाहेर गेली.

आता ती रविवारीच नाही, मधल्या वारीही बबीकडे जाते. बबी तिला उसवायला कपडे देते. नजर चकत्या ओळखणारी असली तरी हात मात्र धसमुसळा, शिवणीबरोबर कापडही फाडते. बबी करवादते, "तू आपली नुसती बस." ती नुसती बसते. घड्याळाकडे बघायची इच्छा होते, पण बघत नाही.