व्हॅनमधला वास आणि सम्राटाचा कायदा

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी सांगते. इतिहासात बी.ए. झाले. इथे आखातात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये सर्टिफिकेट टीव्हीच्याही वर लावलंय.

कंपनीच्या व्हॅनने आम्ही सहाजण उम्म अल कुवैनला कामाला जातो. रोज ट्रॅफिकमध्ये मी इतिहास सांगते, सीरियलसारखा. त्या दिवसांत कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट चालू होता. पंधराशे वर्षांपूर्वी त्याने एकमेकांशी भांडणारे जुने कायदे गोळा करवले, चाळून घेतले आणि एकत्र बांधले. "त्यात एक नियम होता," मी सांगितलं, "आरोप जो करेल, त्यानेच तो सिद्ध करायचा."

सोमवारी सकाळी सगळे चढलो, व्हॅनचं दार लागलं आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावला. सुक्या मासळीचा असा वास, की एसीसुद्धा खोकला असता.

ड्रायव्हर आरशातून थेट कंपनीचं स्टोअर सांभाळणाऱ्या चाचांकडे बघू लागला. चाचा रत्नागिरीचे, साठीला आलेले. रोज जेवताना सांगायचे, आज सुरमई, आज पापलेट. जेवायचे मात्र नेहमी एकटे, कोपऱ्यात.

"खुद बोलते हैं मछली लाते हैं," ड्रायव्हर म्हणाला. "मैं ऑफिस में बोलता हूँ. कल से चाचा बस से आएँ."

म्हणजे या वयात दोन बस बदलत, उन्हात उभं राहत. चाचांचा चेहरा उतरला.

मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, डबा उघडून दाखवा ना. खलास!"

चाचांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "डबा नाय उघडणार. बसने जाईन."

माझ्या अंगात बी.ए. संचारलं.

"कुणीही डबा उघडणार नाही!" मी ओरडले. "आरोप ड्रायव्हरभाईंचा. सिद्ध त्यांनी करायचं."

"मॅडम, ये कौन सा क़ानून है?"

"सम्राट का!"

"यल्ला, चला प्रोफेसर!" सगळी व्हॅन हसायला लागली. पण सगळ्यांना पटलं. पेट्रोल पंपावर गाडी थांबवून ड्रायव्हर रागारागाने सीटांखाली शोधायला लागला. मागच्या सीटखाली हात घातला आणि तसाच थिजला. हात बाहेर आला तो कोळंबीची पिशवी घेऊन. रविवारी हाच गडी खाडीवर गळ टाकायला गेला होता, व्हॅन घेऊन. उरलेलं आमिष सीटखालीच विसरलेलं.

"सॉरी चाचा," तो पुटपुटला. आम्ही इतके हसलो की शेजारच्या पंपावरचा माणूसही कारण न कळता हसायला लागला. चाचांना पुढची खिडकीची सीट मिळाली, कायमची.

दुपारी चाचा पहिल्यांदाच माझ्याशेजारी जेवायला बसले. इकडेतिकडे बघून डब्याचं झाकण बोटभर उचललं. आत दुधी. उकडलेला, बिनमिठाचा.

"डॉक्टरनी मासे बंद केलेत पोरी," ते कुजबुजले. "रत्नागिरीचा माणूस दुधी खातो, हे कळलं असतं तर नाक कापलं असतं माझं."

"म्हणून सीट सोडणार होतात?"

"सीट काय, नोकरी सोडली असती!"

मला इतकं हसू आलं की घास नाकात गेला. परीक्षेत लिहिलेल्या त्या नियमाचा अर्थ मला त्या दुधीने समजावला: निर्दोष माणसाच्या डब्यातही झाकून ठेवण्यासारखं काही असतं.

हे लिहू का, म्हणून काल चाचांना विचारलं. "लिही," ते म्हणाले. "पण आता डॉक्टरनी परत सुरमई चालू केलीय, तेही लिही."

"सिद्ध करा," मी म्हटलं.

त्यांनी डबा सगळ्यांसमोर सताड उघडला. आत खरंच सुरमई होती.