गालातली मुळी

सोफ्यांना नवं कापड चढवायचं त्या नवरा-बायकोचं दुकान. तो ठोकायचा, ती शिवायची. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणत. जुनी गादी उसवली की आतून वर्षानुवर्षांची धूळ उठे आणि त्याच्या छातीत जाऊन बसे. खोकून खोकून जीव अर्धा होई. ज्येष्ठमधाची मुळी तिनेच आणून दिली. गालात धरली की घसा ओला राही, ढास थांबे. तिला केवढं हायसं वाटलं!

पूर्वी तो ओठांत बारीक खिळे धरून काम करी. आता खिळ्यांच्या जागी मुळी आली. एक संपली की दुसरी, शिवाय घरी गेल्यावर तिचाच काढा.

"उस्ताद, तोंडात एवढं गोड, मग भावच का तिखट?" गिऱ्हाइकं चिडवत. तो मुळी जिभेने पलीकडच्या गालात सारून हसे.

चार दिवस घशासाठी घ्यावी तर मुळी चांगलीच. पण महिनोन्महिने, दिवसभर चघळली तर ती अंगात पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढवते आणि हृदयाला, स्नायूंना लागणारं पोटॅशियम शरीराबाहेर घालवते. हे दोघांच्या गावीही नव्हतं.

आधी अंगठी बोटात रुतली. "तुझ्या हातचं मानवलं मला," तो म्हणाला. मग पाय सुजले, तेव्हा तिने त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. दाराशी त्याने मुळी काढून रुमालात गुंडाळली. मोठ्या माणसाशी तोंडात काही ठेवून बोलणं त्याला पटत नसे.

"दुसरं कसलं औषध चालू आहे?"

"छे हो, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत," ती कौतुकाने म्हणाली.

रक्तदाब फार होता. अंगातलं पाणी उतरवायची गोळी मिळाली. सूज ओसरली, पण पोटॅशियम आता दोन वाटांनी जाऊ लागलं, मुळीमुळे आणि गोळीमुळेही.

त्याच्या हाताखालचं कापड सैल पडू लागलं. खुर्च्यांच्या कडांना सुरकुत्या दिसायला लागल्या. "कापडच रद्दी आलंय," तो म्हणे. ती ते पुन्हा ताणून देई. मग एका दुपारी जमिनीवर बसून ठोकता ठोकता त्याला उठताच येईना.

"अगं, पाय कुठे गेले माझे?" तो हसत म्हणाला. मग हसू विरलं. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आत कुणीतरी वेडंवाकडं ठोकतंय."

इस्पितळात रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोटॅशियम पार उतरलंय. जुलाब? उलट्या? नीट आठवा. खाण्यातलं काही?"

"काही नाही हो. खोकल्याला ज्येष्ठमध चघळतात, तेवढंच."

बाईंनी मान वर केली. "किती?"

"किती म्हणजे..." तिचा आवाज खाली गेला. "तोंड रिकामं कधी नसतंच."

"आजपासून एक काडीही नाही. आणि ऐका, बंद केली तरी तिचा अंमल लगेच उतरत नाही. हृदयाचा नेम नाही सध्या."

सलाइन लागलं, हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्रही लागलं. थोड्या वेळाने ढास आलीच. त्याने तिच्यापुढे हात पसरला.

"दे ना एक. जीव जातोय."

"नाही मिळायची."

"तूच लावलीस ना सवय?"

तिच्या पर्समध्ये मुळ्या होत्या. तिने पर्स घट्ट धरली. तो रागाने भिंतीकडे वळला आणि खोकत राहिला. मग खोकला अचानक थांबला.

नर्स पलंगाशी आली, तिने यंत्राकडे बघितलं, आणि चालत आलेली ती धावत बाहेर गेली.