रुमालाखाली घेतलेली बैलजोडी

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत एक सिद्धान्त होता आणि पायांत नवे, चावरे बूट. बाजाराचे नियम कुठून जन्मतात, यावर मी पुण्यात बसून जन्मभर लिहीत आलोय. म्हटलं, एकदा बाळंतिणीची खोली तरी पाहून यावी.

मोताळ्याच्या बसमधून दोन्हीकडे बीटी कपाशी दिसत होती. "काय हिरवीगार!" मी म्हणालो. शेजारचा हसला. "बोंड फोडून पाहा. आत गुलाबी अळी बसेल हाय."

आठवडी बाजारात भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर हाणून मी बैलबाजारात शिरलो. दलाल रशीदभाई रुमालाखाली भाव करत होते. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडाने चकार शब्द नाही. या पद्धतीवर मी लिहिलंय, असं ऐटीत सांगताच त्यांनी शेजारी बैल घेऊन उभ्या असलेल्या शेतकरी शोभाबाईंच्या जोडीचा भाव माझ्याही बोटांवर दाबून दाखवला. मला तो चक्क कळला! आनंदाच्या भरात, आभार म्हणून, मी रशीदभाईंचा हात मुठीत घट्ट दाबला.

"सौदा झाला!" रशीदभाई ओरडले.

मूठ म्हणजे होकार, हे माझ्या एकाही लेखात नव्हतं.

"काऊन हो सर, बैल बांधसान कुठी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर," मी कळवळलो. "रशीदभाई, मोडा हो सौदा!"

"मूठ वळली म्हंजे वळली. आता इकनारीनंच सोडली तं सुटन."

"हा नियम कधीपासूनचा?" सवयीने विचारलंच.

"आधी सुटा ना सर! मंग इचारा."

अळीने कपाशी नेली म्हणून शोभाबाई जोडी विकायला आल्या होत्या, आणि माझ्या मुठीतला भाव दिवसभरातला सगळ्यात चढा होता. त्यांनी माझ्या मोकळ्या हाताचा मऊ तळवा उलटून पाहिला.

"याच्या घरी माह्या चांद्या-मोऱ्याले कडबा कोन टाकीन? हा तं उद्याच कोनालेबी इकून टाकीन."

त्यांनी रुमालाखाली हात घातला आणि माझं एकेक बोट सोडवलं.

मघापासून कमी भावावर अडलेला वरवट बकाल गावचा एक शेतकरी पुढे आला. "थोडं चढवतो, ताई. पन जोडी फोडनार नाही." त्याची मूठ वळली. शोभाबाईंनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या. "जा आता, भाऊ. हात खिशात ठेवून जा."

तसाच गेलो. कंडक्टरने दोनदा दरडावलं तेव्हा कुठे तिकिटापुरता एक हात बाहेर काढला.

नियमाचा उगम विचारायचा राहूनच गेला. पण सोडायचा हक्क जिचा, तोटाही तिचाच, असला नियम मी कुठल्याच कायद्यात वाचला नव्हता.

घरी दार उघडत बायकोने विचारलं, "काय आणलंत?"

"काही नाही!" मी म्हणालो. हे दोन शब्द इतक्या आनंदाने मी आजवर उच्चारले नव्हते.