पुढची पेशी

माझ्या सासऱ्यांची धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस वाशिमच्या कोर्टात इतकी वर्षं चालू आहे, की आमच्या किन्हीराजा गावातल्या घरात ‘पेशी’ म्हटलं की धुतलेलं धोतर आणि सकाळची एसटी. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, माझी पेशी वेगळी. पण ती कॉलेजातच राहायची.

घरात आली ती लेकीमुळे. लेक चालायला लागली होती, ओट्यावरून उतरून कोंबड्यांच्या मागे जायची. मग भिंत धरून चालू लागली, मग बसूनच राहिली. लोक म्हणाले, लाडावली आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवालात एका फॉस्फोलिपेजचं, म्हणजे एका एन्झाइमचं, नाव आलं.

फॉस्फोलिपेज मला माहीत होतं. सापाच्या विषात असतं, मधमाशीच्या डंखात असतं. वर्गात मी तेवढंच सांगते, कारण विष म्हटलं की मागचे बाकही ऐकतात. हे त्याच गोतातलं, पण घरबशं. पेशीच्या आत राहतं आणि तिच्या स्निग्ध आवरणातला खराब झालेला तुकडा कापून काढतं, म्हणजे तिथे नवा बसतो. गोधडीचा विरलेला तुकडा आपण उसवतो, तसं. आमच्या पुस्तकात त्याच्यावर एक ओळही नाही. असतं ते अंगभर, पण मज्जातंतूंच्या लांब टोकांचं त्याच्यावाचून फार अडतं. लेकीच्या अंगात ते काम करत नव्हतं, आणि ती टोकं सुजून निकामी होत होती.

“रक्ताच्या नात्यात लग्न?” डॉक्टरांनी विचारलं. नवरा चटकन “नाही” म्हणाला. तो माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्याकडे कूळ वेगळं म्हणजे रक्त वेगळं. आम्हा दोघांकडून त्या जनुकाचा एकेक बिघडलेला वाटा लेकीला मिळाला होता.

मी सगळं नीट समजून घेतलं. समजलं की काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. घरी येऊन भाजी निवडली.

“मामाजी, पोरीच्या पेशीत बिगाड हाय,” मी सासऱ्यांना सांगितलं.

ते खाटेवर उठून बसले. “पोरीची पेशी? एवढ्याशा लेकरानं कोनाचं काय केलं? कायले लावली पेशी?”

नवरा हसला, मीही हसले. मग त्याने त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली, पण शब्द काही सोडला नाही. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी ते स्वतः तिचा फ्रॉक धुवायचे. पेशीला मळक्या कपड्यांनी जाऊ नये, साहेब पाहतात. आम्ही परतलो की फाट्यावर उभे असायचे आणि पहिला प्रश्न तोच, “पुढची पेशी कधी हाय?”

मी तारीख सांगायचे.

“तारीख भेटली ना? मंग झालं. केस जित्ती हाय.”

आधी मला त्याचा राग यायचा. कसली केस, कसली जित्ती! पुढे पुढे त्या वाक्यासाठीच मी फाट्यावर उतरत असे.

लेक शब्द विसरली. मग गिळणं अवघड झालं. शेवटच्या वेळी डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, एवढ्या प्रवासाने तिचे हाल करू नका, आता घरीच सांभाळा, काही लागलं तर फोन करा.

फाट्यावर सासऱ्यांनी तिला माझ्याकडून घेतलं. तिला आता मान सावरत नव्हती, म्हणून डोक्यामागे हात धरला.

“पुढची पेशी कधी हाय?”

“आता पेशी नाई, मामाजी.”

ते थांबले. अर्धं आयुष्य कोर्टात घातलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

“मंजे निकाल लागला,” ते म्हणाले. पोरीच्या तोंडाची लाळ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली. बरंच चालल्यावर विचारलं, “वरच्या कोर्टात अपील नाई का चालत याच्यात?”

उत्तर मला येत होतं.

“पाहू,” मी म्हणाले.